मनी प्लांट: कात्रीवर पोसलेलं खानदान

मनी प्लांटला फूल कधी येतं? येतच नाही. आपणहून फुलल्याची शेवटची नोंद १९६४ सालची आहे. २०१६ मध्ये संशोधकांनी कारण शोधून काढलं : फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संजीवक या वेलीला पुरेसं बनवताच येत नाही, कारण ते तयार करणारं जनुकच थंड पडलंय. बाहेरून जिबरेलिन फवारलं तर बाईसाहेब फुलतात! नाशिककडचे द्राक्षवाले ज्या ‘जीए’च्या पाण्यात घड बुडवतात, तेच हे जिबरेलिन.

मूळ गाव ताहितीशेजारचं मोरेआ बेट. १८८० मध्ये तिला पहिलं शास्त्रीय नाव मिळालं. पण फूल बघितल्याशिवाय वनस्पतीची जातकुळी ठरवणं अवघड, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं ती या प्रजातीतून त्या प्रजातीत फिरत राहिली.

आता गंमत बघा. फूल नाही म्हणजे बी नाही. मग मोरेआची ही वेल डोंबिवलीच्या गॅलरीत आली कशी? माणसाच्या हातून, छाटत छाटत. तिची छाटणी करणं म्हणजे तिचा वंश वाढवणं. तरीही लोक वेलीला कात्री लावताना असे कचरतात, की जणू बाळाचं जावळ काढायचंय.

छाटायचं कुठे, हे मात्र नीट बघा. देठ जिथे खोडाला मिळतो तिथे एक गाठ दिसते. ते पेर. तिथेच डोळा असतो आणि बहुतेकदा तपकिरी मुळाचा कोंबही डोकावतो. कलम हवं असेल तर पेराच्या बोटभर खाली कापा, म्हणजे पेर तुकड्यात येईल. ऊस लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. डोळा नसलेलं बेणं तो बांधावर टाकतो. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर ते महिनोन्महिने हिरवं राहील, एखादं मूळही सोडेल, पण त्यातून वेल कधीच फुटणार नाही. शेजारणीकडून गुपचूप पान खुडून आणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. चोरून आणलेली मनी प्लांटच फळते म्हणतात, पण त्यासाठीही पेर चोरावं लागतं!

कुंडीतल्या वेलीचं काय? शेंडा ऑक्सिन नावाचं संजीवक खाली सोडतो आणि खालच्या डोळ्यांना गप्प बसवतो. शेंडा खुडला की ती दादागिरी संपते, डोळे जागे होतात, फुटवे येतात. म्हणून खाली बोडकी आणि टोकाला चार पानं अशी वेल झाली असेल, तर बिनधास्त आखूड करा. कापलेले तुकडे रुजवून त्याच कुंडीत खोचा, कुंडी भरगच्च दिसते. छाटणीचा मोसम उन्हाळा-पावसाळा, कडाक्याच्या थंडीत नको.

आणखी एक अजब गोष्ट. घरातली मनी प्लांट आयुष्यभर बाल्यावस्थेतच राहते. लोंबत ठेवली की पानं बारीक होत जातात, झाडावर चढू दिली की मोठी होत जातात. मोकळ्यावर ती वीसेक मीटर चढते, पानं मीटरभर लांब होतात आणि कडेने फाटतात. एवढी मोठी वेल झाडावर पाहून लोक विचारतात, ‘हे कुठलं झाड?’ घरी मोठी पानं हवी असतील तर मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ गुंडाळलेली काठी लावा आणि ती ओली ठेवा.

पानावरचे पिवळे-पांढरे पट्टे दिसायला झकास, पण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, म्हणजे तिथे स्वयंपाक होत नाही. प्रकाश कमी पडला की नवी पानं हिरवी येऊ लागतात. एखादा फुटवा पुरता हिरवा झाला तर तो बुडापासून कापून काढा. तो जोरात वाढून पट्टेवाल्यांना मागे टाकतो.

आणि हो, ही आपल्या अळूची आणि सुरणाची भाऊबंद. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणजे तीच खाज. पण अळूसारखी चिंच घालून ही भाजी करायला जाऊ नका! मांजर, कुत्रं, रांगतं मूल यांच्यापासून लांब ठेवा आणि छाटणीनंतर हात धुवा.

‘हवा शुद्ध करते’ हे मात्र फुगवलेलं प्रकरण. १९८९ चा नासाचा प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये जुने प्रयोग पुन्हा तपासले तेव्हा हिशेब निघाला : बाहेरची हवा एरवी घरात येत-जात राहिल्याने होतं तेवढं काम झाडांकडून हवं असेल, तर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. म्हणजे तुम्ही राहायचं कुठे? वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१८ मध्ये थेट सशाचं जनुक मनी प्लांटमध्ये घातलं. ती वेल बेंझिन आणि क्लोरोफॉर्म खरंच शोषून घेते. आपल्या नर्सरीत मिळते ती साधीच, बिनसशाची.

सगळ्यात मोठा धोका बाटलीतल्या वेलीचा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यावर भाळतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर पावसाळ्यात पालिकेची माणसं घरात शिरली की आधी मनी प्लांटची बाटली बघतात. पाणी आठवड्याला बदला, पण नुसतं ओतून भागत नाही. अंडी काचेला आतून चिकटलेली असतात. ब्रश घालून घासा, आणि तोंडाशी कापूस लावा.