मोत्या घरात आणण्याआधी

दहा बाय बाराच्या खोलीत माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, तिथे कुत्रे कुठे पाळायचे, असे अनेकजण म्हणतात. आम्हीही तेच म्हणत होतो. पण धाकट्याने एका संध्याकाळी चहाच्या टपरीमागून एक पिल्लू शर्टात लपवून आणले आणि आमचे म्हणणे तिथेच संपले. पिल्लाचे नाव मोत्या ठेवले. पुढच्या वर्षभरात आम्ही बऱ्याच चुका केल्या. त्या वाचकांच्या घरी होऊ नयेत, म्हणून हा लेखप्रपंच.

कुत्रा पाळणे ही बंगलेवाल्यांची हौस आहे, असे समजायचे कारण नाही. राजगृहातले १९३४ सालचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बाबासाहेब, रमाई आणि घरच्या मंडळींसोबत आवडता कुत्रा टॉबीही त्यात आहे. मुक्या जीवाला जागा घरात असावी लागते, तशी मनातही असावी लागते.

आमची पहिली चूक वयाची झाली. मोत्या जेमतेम महिन्याचा होता. पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहिले पाहिजे. भावंडांशी खेळताना जोरात चावले की समोरचे पिल्लू केकाटते, खेळ थांबतो आणि दात किती लावायचा ते त्याला कळते. मोत्याची ही शाळाच बुडाली होती. तो खेळताखेळता हात फोडायचा आणि आम्ही त्याला चपलेने मारायचो.

दुसरी चूक साखळीची. आम्ही दोघे कामावर, मुले शाळेत. मोत्या दिवसभर पाण्याच्या पिंपाला हातभर साखळीने बांधलेला. असा कुत्रा चिडका होतो. कुत्र्याला विनाकारण तासन्‌तास आखूड साखळीने बांधून ठेवणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले.

तिसरी चूक सर्वांत मोठी. आज जाऊ, उद्या जाऊ करीत लस टोचायची राहून गेली.

आणि एका दुपारी मोत्या भाकरी खात असताना शेजारच्या ताईंच्या सात वर्षांच्या मुलाने त्याची थाळी ओढली. मोत्या आधी गुरगुरला होता, पण गुरगुरणे म्हणजे इशारा हे पोराला कोणी सांगितलेच नव्हते. मनगटात दात रुतले. त्याच्या आजी मिरचीची पूड घेऊन धावल्या. नशीब, मोठी मुलगी घरी होती. तिने पोराचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटे धुतला.

वाचकहो, एवढे एक लक्षात ठेवा. चावलेल्या जागी मिरची, चुना, हळद काहीही लावू नका. वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातली चौदा इंजेक्शने आता राहिली नाहीत. ती दंडात देतात, लहान मुलांना मांडीतही देतात. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. पुढच्या तारखा एकही चुकवू नये. पिसाळ रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर लस घेतली तर वाचतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला ही लस दिली आणि तो मुलगा जगला.

पोराला लस सुरू झाली. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. तेवढ्यात तो धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता असे समजतात. त्या दहा रात्री आमच्या घरात कोणी नीट झोपले नाही. ताई एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. चाळ म्हणत होती, मोत्याला लांब नेऊन सोडा. अकराव्या दिवशीही मोत्या शेपूट हलवीत उभा होता. त्याला घेऊन आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "कुत्रा वाईट नाही. त्याला कोणी काही शिकवलेलंच नाही."

त्यांनी सांगितले ते असे. पिल्लू निवडताना कोपऱ्यात थरथरणारे किंवा सगळ्यांवर धावून जाणारे घेऊ नये. जवळ येऊन हुंगणारे, डोळे स्वच्छ, अंगावर केस गेलेले चट्टे नाहीत, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले नाही, असे घ्यावे. आपल्या हवेला गावठी कुत्राच उत्तम. हस्कीसारखे दाट केसांचे थंड मुलखातले कुत्रे पत्र्याच्या खोलीत हाल काढते. आपल्याकडचा कारवानी देखणा खरा, पण त्याला पळायला माळरान लागते. सहा ते आठ आठवड्यांपासून इतर रोगांच्या लशी, तिसऱ्या महिन्यात पिसाळ रोगाची, मग डॉक्टर सांगतील तशी पुन्हा. जंताचे औषध आणि पुढे नसबंदीही करून घ्यावी. अनेक शहरांत महापालिकेचा परवाना लागतो, तो काढावा.

शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, असे नेहमीच नसते. अंग ताठ, शेपूट वर आणि ताठपणे हलणारी, तर दूर राहावे. कान मागे, जीभ ओठांवरून फिरते, तोंड वळवतो, म्हणजे तो घाबरला आहे. गुरगुरला म्हणून मारू नये; मारले तर तो पुढच्या वेळी न सांगताच चावतो.

शिकवायचे ते थोडे थोडे, पाच मिनिटे. बसला की त्याच क्षणी चपातीचा तुकडा आणि शाबासकी. घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा. एकाने 'बस' आणि दुसऱ्याने 'खाली' म्हटले तर जनावराने काय समजावे? झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच बाहेर न्यावे, म्हणजे घर घाण होत नाही. भाकरीसोबत उकडलेले अंडे, कोंबडी चालते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट मुळीच नको. शिजवलेली हाडेही नकोत, ती आतड्यात टोचतात.

साखळी आम्ही सोडली. मोठी मुलगी सकाळी आणि आम्ही रात्री मोत्याला अर्धा-अर्धा तास फिरवतो. चपलेचा मार बंद झाला, तसे त्याचे चावणेही दोन-तीन महिन्यांत बंद झाले.

गेल्या रविवारी ताईंचा मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, मोत्याचं खाऊन झालं का? मग मी हात लावू?" मनगटावरचा व्रण अजून आहे. तो पाहिला की आमची मान खाली जाते. तेव्हा पिल्लू घरी आणायचे असेल तर आधी लशीचे पैसे आणि रोजचा एक तास बाजूला काढा, मगच त्याचे नाव ठेवा.