गुरुद्वारा सुधारणा चळवळ

गुरुद्वारा सुधारणा चळवळ अथवा अकाली चळवळ ही इ.स. १९२० ते १९२५ या काळात ब्रिटिश अमलाखालील पंजाबमध्ये झालेली शिखांची धार्मिक व सामाजिक चळवळ होती. ऐतिहासिक गुरुद्वारांची व्यवस्था वंशपरंपरागत महंत आणि सरकारनियुक्त व्यवस्थापक यांच्याकडून काढून शीख समाजाने निवडलेल्या प्रतिनिधींकडे सोपवावी, ही तिची मुख्य मागणी होती. चळवळीतील मोर्चे प्रामुख्याने अहिंसक होते. तिची परिणती १९२५ च्या शीख गुरुद्वारा कायद्यात झाली.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकात मोगल सुभेदारांच्या दडपशाहीमुळे खालसा शिखांना दीर्घकाळ रानावनांत आश्रय घ्यावा लागला. या काळात अनेक गुरुद्वारांची देखभाल उदासी पंथाच्या साधूंनी केली. उदासी पंथ गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद यांना आपले प्रवर्तक मानतो. उदासी केस राखण्याच्या व अमृत घेण्याच्या खालसा नियमांनी बांधलेले नसल्यामुळे ते छळातून बऱ्याच अंशी बचावले. पुढे महाराजा रणजितसिंह यांच्या राजवटीत गुरुद्वारांना मोठ्या जहागिरी मिळाल्या.

१८४९ मध्ये पंजाब ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यावर जमिनींची नव्याने नोंदणी झाली आणि गुरुद्वारांच्या पुष्कळ जमिनी महंतांच्या नावे लागल्या. कालव्यांमुळे या जमिनींचे मोल वाढले. देवस्थानाच्या उत्पन्नाचा खाजगी उपभोग आणि काही महंतांचे दुर्वर्तन यांविषयी तक्रारी होऊ लागल्या. महंतांची बाजू अशी होती की, पिढ्यान्‌पिढ्या सेवा केल्यामुळे गादी व जमीन यांवर त्यांचा कायदेशीर हक्क आहे. दिवाणी न्यायालयात दाद मागणे खर्चिक व वेळखाऊ होते.

१८७३ मध्ये अमृतसर येथे सुरू झालेल्या सिंह सभा चळवळीने शीख आचारधर्माच्या शुद्धीचा आग्रह धरला होता. अमृतसरच्या हरिमंदिर साहिबचा (सुवर्णमंदिराचा) कारभार सरकारने नेमलेला सरबराह, म्हणजे व्यवस्थापक, पाहत असे. १९१९ च्या जालियनवाला बाग हत्याकांडानंतर जनरल डायर याला तेथे सिरोपाव देऊन गौरवण्यात आले. या घटनेने असंतोष तीव्र झाला.

कडाह प्रसादाचा प्रश्न

१२ ऑक्टोबर १९२० रोजी अमृत घेऊन शीख झालेल्या दलित समाजातील व्यक्ती हरिमंदिर साहिबमध्ये कडाह प्रसाद घेऊन आल्या. पुजाऱ्यांनी तो स्वीकारण्यास व त्यांच्यासाठी अरदास करण्यास नकार दिला. वादानंतर प्रथेप्रमाणे गुरू ग्रंथ साहिब उघडून कौल घेण्यात आला. तो आलेल्या भाविकांच्या बाजूचा ठरला आणि पुजाऱ्यांना प्रसाद स्वीकारावा लागला. त्यानंतर मंडळी समोरच्या अकाल तख्ताकडे गेली, तेव्हा तेथील पुजारी जागा सोडून निघून गेले होते. रिकाम्या तख्ताची व्यवस्था सुधारकांनी हाती घेतली. चळवळीचा प्रत्यक्ष आरंभ या घटनेपासून मानला जातो. गुरुद्वारा कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाबरोबरच त्यात समान स्थान कोणाला, हा प्रश्नही तिच्या मुळाशी होता.

१५ नोव्हेंबर १९२० रोजी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीची स्थापना झाली. १४ डिसेंबर १९२० रोजी स्वयंसेवकांच्या जथ्यांना एकत्र आणण्यासाठी शिरोमणी अकाली दल स्थापन झाले.

ननकाना साहिब हत्याकांड

गुरू नानकांचे जन्मस्थान असलेल्या ननकाना साहिब येथील गुरुद्वाराकडे हजारो एकर जमीन होती. तेथील महंत नारायणदास याने हत्यारबंद माणसे जमवली होती. २० फेब्रुवारी १९२१ रोजी पहाटे लछमनसिंह धारोवाली यांच्या नेतृत्वाखालील जथा गुरुद्वारात शिरला असता आवाराचे दरवाजे बंद करून त्यावर गोळीबार व शस्त्रांनी हल्ला करण्यात आला. अनेकांची प्रेते रॉकेल ओतून जाळण्यात आली. मृतांच्या संख्येबाबत एकमत नाही. सरकारी आकडा व शीख संस्थांचा आकडा यांत मोठी तफावत आहे. हल्ल्यानंतर गुरुद्वाराच्या किल्ल्या शीख प्रतिनिधींकडे सोपवण्यात आल्या. महात्मा गांधी मार्च १९२१ मध्ये ननकाना येथे गेले होते. नारायणदास याला सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली.

प्रमुख मोर्चे

किल्ल्यांचा मोर्चा : नोव्हेंबर १९२१ मध्ये अमृतसरच्या डेप्युटी कमिशनरने हरिमंदिर साहिबच्या तोशाखान्याच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या. निषेध सभा व अटकसत्रानंतर १९ जानेवारी १९२२ रोजी सरकारने त्या प्रबंधक समितीचे अध्यक्ष बाबा खडकसिंह यांना परत केल्या. गांधींनी तार पाठवून त्यांचे अभिनंदन केले.

गुरू का बाग मोर्चा : अमृतसरजवळील या स्थानी महंताने गुरुद्वारा समितीला दिला, मात्र लगतच्या जमिनीवर हक्क सांगितला. ऑगस्ट १९२२ मध्ये लंगराच्या चुलीसाठी तेथील बाभळीचे लाकूड तोडणाऱ्या पाच अकालींना चोरीच्या आरोपावरून अटक झाली. त्यानंतर जथे अकाल तख्तासमोर अहिंसेची शपथ घेऊन तेथे जाऊ लागले. पोलीस त्यांना लाठ्यांनी बेशुद्ध होईपर्यंत मारत. अकाली हात न उचलता मार सोसत. यांतील अनेक जण पहिल्या महायुद्धात लढलेले माजी सैनिक होते. मिशनरी सी.एफ. अँड्र्यूज यांनी सप्टेंबरमध्ये हे दृश्य प्रत्यक्ष पाहून त्याविषयी लिहिले व गव्हर्नरांकडे दाद मागितली. त्यानंतर मारहाण थांबली. पण अटका चालू राहिल्या व पाच हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. अखेर सर गंगाराम यांनी ती जमीन महंताकडून भाडेपट्ट्याने घेऊन अकालींना लाकूड तोडू दिले आणि सरकारची कोंडी सुटली.

जैतो मोर्चा : जुलै १९२३ मध्ये नाभा संस्थानचे महाराज रिपुदमनसिंह यांना गादी सोडावी लागली. सप्टेंबरमध्ये जैतो येथील गुरुद्वारात चाललेला अखंड पाठ पोलिसांनी खंडित केला. परिस्थिती पाहण्यासाठी तेथे गेलेल्या जवाहरलाल नेहरूंनाही अटक झाली. ऑक्टोबरमध्ये प्रबंधक समिती व अकाली दल बेकायदा ठरवण्यात आले. २१ फेब्रुवारी १९२४ रोजी सुमारे पाचशेंच्या जथ्यावर गोळीबार होऊन अनेक जण मृत्युमुखी पडले. ऑगस्ट १९२५ मध्ये जैतोत १०१ अखंड पाठ पूर्ण झाल्यावर मोर्चा संपला.

चळवळीतील काहींना अहिंसेचा मार्ग मान्य नव्हता. त्यांनी सशस्त्र बब्बर अकाली गट स्थापन केला. प्रबंधक समितीने या गटापासून स्वतःला अलग ठेवले.

शीख गुरुद्वारा कायदा, १९२५

जुलै १९२५ मध्ये पंजाब विधान परिषदेने हा कायदा मंजूर केला व १ नोव्हेंबर १९२५ पासून तो लागू झाला. ऐतिहासिक गुरुद्वारांची व्यवस्था निर्वाचित मंडळाकडे देणे, वादांसाठी न्यायाधिकरण नेमणे आणि पदावरून दूर झालेल्या वंशपरंपरागत पदाधिकाऱ्यांना भरपाईची मागणी करता येणे, या त्यातील मुख्य तरतुदी होत्या. मंडळाच्या निवडणुकीत शीख स्त्रियांनाही मताधिकार मिळाला. कायदा मान्य करण्याची लेखी हमी देणाऱ्या कैद्यांनाच सोडण्याची सरकारची अट मात्र वादग्रस्त ठरली. काही नेत्यांनी ती स्वीकारली. तेजासिंह समुंदरी यांनी ती नाकारली व जुलै १९२६ मध्ये तुरुंगातच त्यांचे निधन झाले.

परिणाम

चळवळीमुळे शीख समाजाला लोकनियुक्त मध्यवर्ती धार्मिक संस्था मिळाली आणि अकाली दल पंजाबच्या राजकारणातील प्रमुख पक्ष बनला. गुरुद्वारांच्या व्यवस्थापनाची निवडणूक ही राजकीय स्पर्धाही झाली. धर्मसंस्था व पक्ष यांच्या संबंधांविषयीचा वाद तेव्हापासून चालत आला आहे. १९४७ च्या फाळणीत ननकाना साहिब पाकिस्तानात गेले.

१९२५ चा कायदा पंजाबपुरता होता. नांदेड येथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने त्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्याच्या व्यवस्थेसाठी १९५६ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला.