राखलेले अंगण आणि घराची किंमत

घरापुढचे अंगण नीटनेटके असले, हिरवळ वेळच्या वेळी कापलेली असली, म्हणजे घराला अधिक किंमत येते, ही समजूत अमेरिकेतील घरविक्रीच्या व्यवहारात इतकी रूढ आहे की तिची शहानिशा करण्याची गरज दलालांना सहसा भासत नाही. अर्थशास्त्रज्ञांनी ती करून पाहिली आहे. तिचे निष्कर्ष या समजुतीला वरकरणी पुष्टी देतात. परंतु खरेदीदार नेमकी कशाची किंमत मोजतो, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

हिरवळ बाजारात घरापासून सुटी करून विकता येत नाही. अशा गुणाची किंमत वेगळी कशी काढावी, हा प्रश्न तसा जुनाच. फ्रेडरिक वॉ यांनी १९२८ साली बॉस्टनच्या मंडईतील ॲस्परॅगस या भाजीच्या जुड्यांवर तो सोडवून दाखविला : देठाचा हिरवा भाग जितका लांब, तितका जुडीला भाव अधिक. पुढे १९७४ मध्ये शर्विन रोझेन यांनी या पद्धतीला सैद्धांतिक बैठक दिली. वस्तू म्हणजे गुणांचा समुच्चय, हे तिचे गृहीतकृत्य होय. विक्रीची किंमत हे परतंत्र चल आणि क्षेत्रफळ, खोल्या, घराचे वय, वस्ती व अंगणाची स्थिती ही स्वतंत्र चले मानून समाश्रयण केले, म्हणजे प्रत्येक गुणाची सूचित किंमत हाती येते.

या मार्गाने अँडरसन व कॉर्डेल यांनी जॉर्जिया राज्यातील अथेन्स शहरातील ८४४ घरांच्या विक्रीचा अभ्यास केला (१९८८). पुढच्या अंगणातील झाडांमुळे किमतीत ३.५ ते ४.५ टक्के वाढ दिसून आली. डोनोव्हन व बट्री यांना ओरेगॉनमधील पोर्टलंड येथे (२०१०) रस्त्याकडेच्या झाडांमुळे घराची किंमत सरासरी ८,८७० डॉलरांनी वाढलेली आणि विक्रीस लागणारा काळ १.७ दिवसांनी घटलेला आढळला.

परंतु झाड आणि हिरवळ यांत मूलभूत भेद आहे. झाड हे भांडवल होय. ते वाढण्यास वीसपंचवीस वर्षे लागतात आणि तो काळ विकत घेता येत नाही. हिरवळीचे तसे नाही. माजलेले गवत एका दिवसात कापता येते, वाळलेले एका हंगामात पुन्हा उगवता येते. तेव्हा राखलेल्या व न राखलेल्या अंगणांच्या घरांतील किमतीचा फरक गवत पूर्ववत करण्याच्या खर्चाहून फार मोठा असेल, तर तो सबंध फरक गवताचा असू शकत नाही. खरेदीदार दुसऱ्याच कशाची तरी किंमत मोजत असतो.

ते दुसरे काही म्हणजे माहिती, असे मानण्यास सबळ कारण आहे. छपराखालचे लाकूड कुजले आहे काय, सांडपाण्याचे नळ किती जुने आहेत, हे विक्रेता जाणतो. खरेदीदार जाणत नाही. अंगण मात्र दोघांनाही दिसते. जो मालक दर आठवड्याला गवत कापतो, तो गळणारे छप्परही वेळीच दुरुस्त करीत असेल, असे अनुमान खरेदीदार बांधतो. हे अनुमान खरे असेल, तर अंगणाच्या सहगुणकात छपराची व नळांची किंमत मिसळलेली असते, कारण विक्रीच्या नोंदींत त्यांच्या स्थितीसाठी सहसा वेगळे चल नसते. विक्रीच्या आदल्या आठवड्यात घाईने गवत कापणाऱ्यास सहगुणकाएवढा लाभ होईल, असे त्यामुळे म्हणता येत नाही. शिवाय सर्वच विक्रेते तसे करू लागले, म्हणजे नीटनेटक्या अंगणातून काहीच कळेनासे होते. उरते ती केवळ बेफिकिरीची खूण. उत्तम अंगणाने किंमत किती वाढते, यापेक्षा ओसाड अंगणाने ती किती घटते, हा प्रश्न म्हणून अधिक फलदायी ठरावा.

दुसरी अडचण शेजाराची. पोर्टलंडच्या अभ्यासात झाडांचा लाभ शेजारच्या घरांपर्यंत पोचलेला दिसला. बकाल अंगणाचा उपसर्गही तसाच पोचणार. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर १९४७ पासून वसविलेल्या लेव्हिटाउनमध्ये हिरवळ आठवड्यातून एकदा कापण्याचे बंधन रहिवाशांवर करारानेच घातले होते, त्यामागे हेच गणित होते. त्याच वसाहतीच्या आरंभीच्या करारांनी श्वेतवर्णीयांखेरीज इतरांच्या वास्तव्यासही मनाई केली होती, हे विसरून चालणार नाही. 'वस्तीचा दर्जा' हे निरुपद्रवी दिसणारे चल असा इतिहास पोटात घेऊन समीकरणात येते. आणि जेथे नीट हिरवळी व वर्णबहिष्कार एकत्र नांदले, तेथे किमतीतील कोणता अंश कशाचा, हे समाश्रयण आपोआप सांगत नाही.

यात पाण्याचा हिशेब अजून आलेलाच नाही. खरेदीदार हिरवळीबरोबर तिच्या पाण्याचे व मजुरीचे भावी देयकही विकत घेतो. म्हणून सूचित किंमत ही निव्वळ किंमत असते आणि पाणी महागले की ती बदलावयास हवी. नेव्हाडा राज्याने २०२१ मध्ये केलेल्या कायद्याने लास व्हेगस परिसरातील केवळ शोभेच्या हिरवळीस कोलोरॅडो नदीचे पाणी देण्यास १ जानेवारी २०२७ पासून मनाई केली आहे. एका कुटुंबाची स्वतंत्र घरे या मनाईतून वगळलेली आहेत. मात्र त्या घरांच्या मालकांनी गवत काढून कमी पाण्याची झाडे लावल्यास तेथील जलप्राधिकरण चौरस फुटाच्या हिशेबाने अनुदान देते. अथेन्सचा सहगुणक उचलून अशा शहरास लावणे सर्वस्वी चुकीचे होईल; तेथे हिरवळीपुढचे चिन्ह अधिक की उणे, हेच प्रथम तपासावे लागेल.