बीकरमधला चुंबक

कोल्हापूरच्या गुजरीत ‘वन ग्रॅम’चा साज मिळतो. त्याच्यावर सोने चढवण्याची रीत जगभर एकच: धातूचा क्षार विरघळवलेला द्राव, त्यात बुडवलेले दोन इलेक्ट्रोड आणि बाहेरून सोडलेली वीज. ऋण बाजूला जे टांगले असेल त्याच्यावर धातू बसतो. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात हीच रीत वेगळ्या हेतूने वापरली जाते. तिथे तिसरा, संदर्भ इलेक्ट्रोड असतो, व्होल्टेज काटेकोर राखणारा पोटेन्शिओस्टॅट असतो, आणि द्रावाला सगळे ‘बाथ’ म्हणतात. ऋण बाजूला साजाऐवजी स्टेनलेस स्टीलची पट्टी किंवा वीजवाहक लेप दिलेली काच असते. थराची जाडी काढायची तर कित्येकदा पट्टी आधी आणि नंतर सूक्ष्म तराजूत तोलतात आणि फरकावरून हिशेब करतात.

हे विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते सुरू झाले. पातळ थरांचे, म्हणजे थिन फिल्मचे, शास्त्र जगात प्रामुख्याने निर्वात यंत्रांवर वाढले. ती यंत्रे महाग, आणि चालू ठेवणे त्याहून महाग. कोल्हापूरने द्रावाची वाट धरली. एस. एच. पवार आणि सी. डी. लोखंडे यांचा विद्युतलेपनाने केलेल्या अर्धवाहक फिल्मवरचा आढावा १९८९मध्ये आला, पी. एस. पाटील यांचा स्प्रे पायरोलिसिसवरचा, म्हणजे तापलेल्या काचेवर द्राव फवारून थर देण्याच्या तंत्रावरचा, १९९९मध्ये. निकोलाऊ यांनी १९८५मध्ये मांडलेले सिलार तंत्रही इथे मुरले. त्यात पट्टी एका बीकरमध्ये बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, पुन्हा धुवायची. प्रत्येक फेरीला एक अतिसूक्ष्म थर. सोपे, स्वस्त, मोठ्या क्षेत्रफळाला चालणारे, ही विशेषणे कोल्हापूरच्या शोधनिबंधांत इतकी ठरलेली की ती आता विभागाची आडनावे वाटावीत.

यातल्या बहुतेक फिल्म सौरघटांसाठी होत्या. चुंबकाकडची वाट २०००च्या सुमारास लोखंडे यांच्या गटाने घेतली, आणि ती धातूच्या थरातून जाते. फेराइट हे लोहाचे चुंबकीय ऑक्साइड. ते नेहमीच्या पद्धतीने करायचे तर पूड हजार अंशांच्या आसपास भाजावी लागते. या गटाने आधी कोबाल्ट-लोह किंवा निकेल-लोह मिश्रधातूचा पातळ थर बसवला. मग तीच पट्टी धन बाजूला जोडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात त्याचे ऑक्सिडीकरण केले. भट्टीचे काम खोलीच्या तापमानाला विजेने झाले. लेपनाच्या बाथमध्ये पाण्याऐवजी एथिलीन ग्लायकॉल होते. पाण्यात लोह किंवा कोबाल्ट बसवताना सोबत हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, पृष्ठभागाजवळ अल्कता वाढते आणि धातूबरोबर हायड्रॉक्साइडही चिकटते. विभागाची खरी कमाई मोजायची तर शोधनिबंधांच्या संख्येपेक्षा अशा पाककृतींत मोजावी.

एकच थर ही झाली सुरुवात. खरी गंमत दोन धातूंचे थर आळीपाळीने रचले की सुरू होते. १९८८मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्र्युनबर्ग यांनी स्वतंत्रपणे लोह आणि क्रोमियमचे असे थर तपासले. क्रोमियम एका नॅनोमीटरच्या आसपास असेल, तर शेजारचे लोहाचे थर एकमेकांच्या उलट दिशेने चुंबकित होतात. इलेक्ट्रॉनला स्वतःची चुंबकीय दिशा असते, तिला स्पिन म्हणतात. थरांच्या दिशा उलट असल्या, की प्रत्येक इलेक्ट्रॉनची कुठे ना कुठे अडवणूक होते आणि रोध वाढतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून सगळे थर एका दिशेला वळवले, की एका स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना मोकळी वाट मिळते. फेर यांच्या नमुन्यात, उणे २६९ अंशांना, रोध जवळपास निम्म्यावर आला. हाच जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स. १९९७मध्ये आयबीएमने तो हार्ड डिस्कच्या वाचक शीर्षात वापरला, २००७मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

फेर यांचे थर अतिनिर्वातात अणूंचा झोत सोडून केलेले होते. मग हे बीकरमध्ये जमेल? ब्रिस्टलच्या एका गटाने १९९३मध्ये विद्युतलेपित थरांत हाच परिणाम दाखवला, तोही एकाच बाथमधून. तांबे सहज बसते, कोबाल्टला जास्त ऋण व्होल्टेज लागते. द्रावात तांबे अगदी थोडे ठेवायचे. व्होल्टेज कमी असताना फक्त तांबे बसते. वाढवले की कोबाल्ट भराभर बसतो आणि त्यात तांब्याचा जेमतेम अंश मिसळतो. व्होल्टेज वरखाली करत राहिले की थरावर थर. जाडी मोजायला फॅराडेचा नियम पुरतो: एका चौरस सेंटीमीटरवर तांब्याचा एक नॅनोमीटर बसवायला साधारण २.७ मिलिकूलॉम विद्युतभार लागतो.

पण इथेच बीकरची मर्यादा कळते. कोबाल्टनंतर तांब्याच्या व्होल्टेजवर येताना नुकताच बसलेला कोबाल्ट थोडा विरघळतो आणि त्याच्या जागी तांबे शिरते. सीमारेषा खडबडीत होते. तांब्याची जाडी अर्ध्या नॅनोमीटरने चुकली तरी थरांचे उलटे जुळणे बिघडू शकते. निर्वातात स्पटरिंग नावाच्या तंत्राने केलेल्या कोबाल्ट-तांब्याच्या थरांनी १९९१मध्येच खोलीच्या तापमानाला रोधात ६५ टक्के फरक दिला होता. विद्युतलेपन तिथवर पोचलेले नाही.

आतली सीमारेषा कशी आहे हे तराजू सांगत नाही. त्यासाठी ट्रॉम्बेला जावे लागते. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीवर, जी १९८५मध्ये सुरू झाली, ध्रुवित न्यूट्रॉन रिफ्लेक्टोमीटर आहे. न्यूट्रॉन स्वतः एक इवला चुंबक. तो फिल्मवर अगदी तिरका सोडला, की परतलेल्या झोतावरून कोणत्या खोलीवर किती चुंबकत्व आहे हे वाचता येते. फिल्म कापावी लागत नाही.

कोल्हापुरात मात्र वारे दुसरीकडे वळले. इथून पीएच.डी. करून दक्षिण कोरियाला गेलेले संशोधक पुष्कळ, आणि त्यांतल्या अनेकांचे काम ऊर्जेवरचे. लोखंडे पुढे कसबा बावड्यातल्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात गेले. तिथला भर सुपरकपॅसिटरवर, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकांवर, आहे. निकेल फेराइट, मँगनीज फेराइट ही नावे सुपरकपॅसिटरच्या निबंधांतही भेटतात, पण तिथे मोजायचे असते ते साठलेल्या विद्युतभाराचे प्रमाण. चुंबकत्वाचा आलेख असलाच तर एखाद्या कोपऱ्यात.