पाच ओळी आणि एक पुडी

कपाशीच्या बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत अनेक वर्षे १२० ग्रॅमची एक पुडी मिळायची. तिच्यात साधी, बिगर-बीटी सरकी. शेताच्या कडेने तिच्या निदान पाच ओळी लावायच्या, असा नियम. बहुतेक शेतांत त्या लागल्याच नाहीत. नियमामागचा विचार मात्र पक्का होता. बोंडअळीसाठीचे विष अंगातच असलेल्या बीटी झाडावर जगून निघणारी अळी एखादीच, पण तिच्या पतंगाला तसाच जोडीदार मिळाला की पुढची सगळी पिढी विष पचवणारी. साध्या ओळींवर वाढलेले पतंग या जोड्या फोडतात. म्हणजे पाच ओळी अळीच्या घशात घालायच्या आणि बाकीचे शेत राखायचे. अडचण एवढीच की तोटा माझ्या बांधावर दिसतो आणि फायदा साऱ्या शिवाराला, तोही पुढच्या वर्षांत मिळतो. २००२ साली बीटी आले, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले आणि २०१७च्या हंगामात विदर्भात डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुले, दिसू लागल्या. बोंड फोडावे तर आत गुलाबी अळी, हाती कवडी कापूस.

मग सुरू झाली फवारणी. अंड्यातून निघालेली ही अळी लवकरच बोंडात शिरते आणि तिच्यामागे छिद्र बुजते. फवारा पोचणार कुठून? त्याच हंगामात विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्या फवारण्या एकट्या बोंडअळीसाठी नव्हत्या हे खरे, पण संकट दिसले की पंप पाठीवर घ्यायचा ही सवय तीच. अळीचा मार्ग पाहिला तर वेगळेच दिसते. तिला कपाशीखेरीज फारसे काही चालत नाही. डिसेंबरात पऱ्हाटी उपटली आणि जूनपर्यंत शिवार कपाशीविना राहिले, तर तिची साखळी तुटते. पण पाणी मिळाले की फरदड, म्हणजे त्याच झाडांवरचा पुढचा कापूस, घ्यावीशी वाटतेच. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा धरण आहे; ओलिताची सोय, जी सगळ्यांनी मागितली, तीच अळीचाही हंगाम लांबवू शकते. पुढे तिला आसरा देतात बांधावरचे पऱ्हाट्यांचे ढीग, जिनिंगमधली सरकी. इतक्या लांबच्या वाटेवर पंप फक्त एका ठिकाणी, तेही उशिरा पोचतो.

यावर कोणी म्हणेल, हे विचार पोट भरलेल्यांचे. फरदडीचे दोन वेचे म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला रोख पैसा. आक्षेप खरा आहे. म्हणूनच फरदड सोडा असे नुसते सांगणे मला अर्धवट वाटते. त्या जागी हरभरा पेरायला बियाणे आणि वेळेवर पाणी देणे हाही त्याच उपायाचा भाग आहे. दुसरा आक्षेप, गाव एकत्र येत नाही. त्याला उत्तर आर्वी तालुक्यातच आहे. काकडदरा या छोट्या आदिवासी गावाने त्याच २०१७ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. तिथे आधी प्रशिक्षण झाले, माथा ते पायथा पाणलोट समजून घेतला आणि मग ४५ दिवस कुदळ चालली.

अर्थात चर खणला की डोळ्यांना दिसतो, पहिल्याच पावसात भरतो. न जन्मलेले पतंग कोण मोजणार? पण जन्मलेले मोजता येतात. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले, तर उपाय करायची वेळ झाली, असा ठोकताळा कृषी शास्त्रज्ञांनी दिलेला आहे. सापळ्यात पडलेल्या पतंगांचा आकडा आज एकेका शेतकऱ्याच्या खिशातल्या वहीत राहतो, किंवा तिथेही नसतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, कापसाच्या भावाशेजारी, तो रोज लिहायला खडूच तेवढा लागतो.