दोन खुर्च्या शुभार्थींच्या, दोन शुभंकरांच्या

पुण्याच्या नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्यांना मागची एखादी बंद खोली आठवत असेल. जेवणाचं ताट तिथं वेळेवर जायचं. पाहुणे आले की दार ओढून घेतलं जायचं. कुणी विचारलंच, तर ‘प्रकृती बरी नसते’ एवढंच उत्तर. शेजारी कोणती भाजी शिजली हे ठाऊक असणारी पेठ त्या खोलीबद्दल काही विचारत नसे. वाडे पडले, इमारती उभ्या राहिल्या. दार ओढून घ्यायची सवय मात्र अजून पुरती सुटलेली नाही.

त्या खोलीतल्या माणसाला आणि तिथं ताट नेणाऱ्या आईला राज्याच्या मानसिक आरोग्यसेवेवर देखरेख ठेवण्याचा अधिकार आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो दिला आहे, आणि फार थोड्या घरांना तो माहीत आहे.

कोंडण्यापासून हक्कांपर्यंत

इंग्रजी अमदानीतला १९१२चा कायदा नावानंच ‘वेड्यांचा’ होता. १९८७मध्ये नवा कायदा आला, तरी त्याचा भर रुग्णालयातल्या भरतीवरच राहिला. ऑगस्ट २००१मध्ये तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या जागेत आग लागली. साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. २००७मध्ये भारतानं अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आणि कायदा बदलणं भाग पडलं. लकडी पुलापलीकडच्या लॉ कॉलेज रस्त्यावरची इंडियन लॉ सोसायटी आणि तिथले डॉ. सौमित्र पठारे यांचा नव्या कायद्याच्या मसुद्यात मोठा वाटा होता.

कोण बसतं, काय करतं?

या कायद्यानं प्रत्येक राज्यात मानसिक आरोग्य प्राधिकरण बंधनकारक केलं. आरोग्य सचिव अध्यक्ष. सोबत अधिकारी, मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, समाजकार्यकर्ते. शिवाय स्वतः आजार अनुभवलेल्यांचे दोन प्रतिनिधी, त्यांची काळजी घेणाऱ्यांचे दोन आणि स्वयंसेवी संस्थांचे दोन. पुण्यातल्या स्वमदत गटांत आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. म्हणजे कायद्यानं दोन खुर्च्या शुभार्थींसाठी आणि दोन शुभंकरांसाठी राखल्या.

मानसोपचार केंद्रांची नोंदणी, सेवेचे निकष, तक्रारींची दखल, पोलिसांचं प्रशिक्षण ही प्राधिकरणाची कामं. वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्याच आहेत.

त्याखाली पुनरावलोकन मंडळं. जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती अध्यक्ष, आणि इथंही शुभार्थी, शुभंकर किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था यांना मिळून दोन जागा. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसताना त्याला भरती केलं, तर रुग्णालयानं सात दिवसांत मंडळाला कळवायचं. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. भरतीवर आक्षेप असेल, वागणूक वाईट मिळाली, तर मंडळाकडे अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही, आणि एरवी ९० दिवसांत, भरतीवरच्या आक्षेपाचा त्याहून लवकर निकाल द्यावा अशी अपेक्षा आहे.

अनुभवाचं वजन

शुभंकराला काय कळतं, असं विचारणाऱ्यांनी डॉ. जगन्नाथ वाणींकडे पाहावं. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. २००४चा ‘देवराई’ चित्रपट घडला, त्यामागेही हीच तळमळ होती. औषधाचा डोस डॉक्टर ठरवतो. ते पोटात जातं की उशीखाली, हे घरच्यालाच कळतं. धोरण ठरवताना हे ज्ञान लागतं.

अमेरिकेत केंद्राचं मानसिक आरोग्याचं अनुदान हवं असेल, तर राज्याच्या सल्लागार परिषदेत किमान निम्मे सदस्य सरकारी नोकर नसलेले आणि सेवा पुरवणारेही नसलेले असावे लागतात. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, पण दार उघडलं आहे.

मात्र खुर्ची राखणं वेगळं आणि बैठक होणं वेगळं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. बरे होऊनही वर्षानुवर्षं तिथंच राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी उच्च न्यायालयात नेला, तेव्हा प्राधिकरणाच्या न होणाऱ्या बैठकांचाही विषय निघाला. न्यायालयानं विचारेपर्यंत आपण नागरिकांनी त्या बैठकांबद्दल का विचारलं नाही, ही बोच मला आहे.

विचारायला फार काही लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. गेल्या वर्षी प्राधिकरणाच्या बैठका किती झाल्या? त्या चार खुर्च्यांवर कोण बसलं आणि त्यांनी मांडलेल्या मुद्द्यांचं काय झालं? आपल्या जिल्ह्याचं मंडळ कुठं बसतं? ज्या पेठेनं इतकी वर्षं त्या खोलीबद्दल काही विचारलं नाही, तिनं निदान एवढे प्रश्न तरी विचारावेत.