पॉलिश चढवायचं नसतं

वणी तालुक्यातल्या राजूरला गाडीच्या बोनेटवर काय बसतं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एका अंगाला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला चुन्याच्या भट्ट्या. इथली काळी गाडी पांढरट दिसते आणि पांढरी गाडी काळपट. मग दिवाळी किंवा घरातलं लग्न जवळ आलं की गाडी 'रबिंग-पॉलिश'ला जाते. गेल्या काही वर्षांत लोकरीच्या आणि फोमच्या पॅडच्या जोडीला मायक्रोफायबरचे पॅड आले, आणि त्यांच्याबरोबर नवे गैरसमजही आले.

सगळ्यात जुना गैरसमज मात्र पॉलिशबद्दलचाच आहे: पॉलिश म्हणजे रंगावर चढवायचा चकाकीचा थर. प्रत्यक्षात पॉलिश काहीच चढवत नाही, ते खरवडतं. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. पत्र्यावरचे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, आणि त्यात क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरला, तर उन्हापासून रंग राखणारा हा थर केसाहूनही पातळ आहे. चरा म्हणजे या थरात पडलेली खाच. पॉलिशच्या लेपातले, म्हणजे कंपाउंडातले, बारीक कण खाचेच्या दोन्ही बाजूंचा थर घासून तिच्या तळाशी आणून बसवतात. सुतार रंधा मारून फळी सपाट करतो, तसंच हे काम. रंधा मारून फळी जाड झाल्याचं कुणी ऐकलं आहे का? जे खरोखर चढतं ते वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग, आणि त्यांची पाळी पॉलिशनंतर येते.

म्हणूनच 'दर सर्व्हिसिंगला एक हात मारून घ्या' हा सल्ला मला पटत नाही. नीट केलेल्या एका बफिंगमध्ये एक ते तीन मायक्रॉन जातात, जोर लावून केलेल्यात त्याहून बरेच जास्त. थराचे सात-आठ मायक्रॉन गेले की ऊन अडवण्याची त्याची ताकद कमी होऊ लागते. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांना भिडतो. इथे ही ताकद पुण्या-नाशिकपेक्षा जास्त लागते.

आता मायक्रोफायबरकडे वळू. 'एवढं मऊ कापड, रंगाला काय करणार?' असं गिऱ्हाईकच नव्हे, काही वेळा मशीन चालवणाराही म्हणतो. पुसायचं मायक्रोफायबरचं फडकं आणि मशीनला लावायचा मायक्रोफायबरचा पॅड यांत फरक आहे. धागा एकाच जातीचा, पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचा. पण पॅडवर तो आखूड आणि दाट उभा असतो, आणि त्याच्या असंख्य टोकांवर कंपाउंडाचे कण धरले जातात. फोमच्या पॅडमध्ये कंपाउंड छिद्रांत मुरतं. इथे ते टोकावरच राहतं आणि सतत घासत राहतं. त्यामुळे तेच कंपाउंड आणि तेच मशीन असूनही मायक्रोफायबरचा पॅड फोमपेक्षा जास्त कापतो. मऊ रंगावर तो मागे धुरकट झाकही सोडतो. म्हणून मायक्रोफायबरने चरे काढायचे आणि नंतर फोमच्या पॅडने बारीक पॉलिश मारून ती झाक घालवायची, हा क्रम. दुसरी पायरी वगळणारा कारागीर अर्धंच काम करतो.

बहुतेक मायक्रोफायबर पॅड ड्युअल ॲक्शन मशीनसाठी बनवलेले असतात. या मशीनची थाळी फिरतेही आणि हलतेही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. जुन्या रोटरी मशीनला तोच पॅड लावून कडेला दाबला, तर रंग जळायला फार वेळ लागत नाही.

'जोरात दाबा, म्हणजे लवकर निघेल' हाही असाच एक समज. ड्युअल ॲक्शन मशीन दाबलं की थाळीचं फिरणं थांबतं आणि पॅड जागच्या जागी नुसता थरथरतो. चरा तसाच राहतो, उष्णता वाढते, आणि पॅडचं कापड आतल्या फोमपासून सुटू लागतं. थाळीच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. रेघ फिरताना दिसली तर दाब बरोबर, थांबली तर जास्त. नव्या पॅडच्या सगळ्या तोंडावर आधी बोटांनी कंपाउंड चोळून घ्यावं, म्हणजे कोरडा धागा रंगावर घासणार नाही. पुढे प्रत्येक वेळी वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन घ्यायचा, हात सावकाश चालवायचा, आधी आडवा आणि मग उभा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येईल असा. उन्हात तापलेल्या बोनेटवर यातलं काहीच साधत नाही. कंपाउंड वाळून चिकटतं. सावली हवी, आणि पत्रा हाताला गार लागायला हवा.

एकाच पॅडवर अख्खी गाडी उरकणं ही आपल्याकडची नेहमीची काटकसर. निघालेला रंग आणि वापरलेलं कंपाउंड मायक्रोफायबरच्या टोकांतच अडकतं. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने झाडला नाही, तर तो स्वतःच चरे पाडू लागतो. गाडीला तीन-चार पॅड तरी हाताशी असावेत. पॅड जमिनीवर पडला तर तो धुतल्याशिवाय पुन्हा लावू नये. राजूरच्या जमिनीवर तर मुळीच नाही. धुताना कोमट पाणी आणि साधा साबण वापरावा. कपडे मऊ करणारं द्रव नको, त्याने धाग्यावर थर बसतो.

पण मुळात चरे येतात कुठून? दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसले की 'गोल-गोल पुसल्यामुळे झालं' असं म्हणतात. हे चरे बहुतांशी गोल नसतातच. सगळ्या दिशांना पडलेल्या बारीक रेघांपैकी उजेडाशी आडव्या असलेल्या तेवढ्याच चमकतात, त्यामुळे दिव्याभोवती वर्तुळ असल्याचा भास होतो. दिवा सरकवून पाहा, 'वर्तुळ'ही सरकेल. पडतात मात्र ते कोरड्या फडक्याने. कोळसा स्वतः फार कठीण नाही, पण त्याच्या धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. मोसच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झ 7 वर आहे. सकाळी निघताना गाडीवरून फडकं फिरवलं की हे कण क्लिअर कोटवर ओढले जातात. डिझेलचा बोळा फिरवणाऱ्यांनी तर हे वाचायलाच हवं. त्याने चकाकी दिसते ती तेलाच्या थराची, आणि त्या थरावर संध्याकाळपर्यंत दुप्पट धूळ बसते.

चुन्याची गोष्ट वेगळी. भट्टीतून उडालेली चुनकळीची भुकटी दवाने किंवा पहिल्या सरीने भिजली की तिचा विरलेला चुना होतो. तो तीव्र अल्कधर्मी असतो आणि क्लिअर कोटला खातो. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो दगडासारखा घट्ट होतो. भिंतीवरची सफेदी पक्की होते ती याच क्रियेने. हे पांढरे डाग घासून काढायला जाऊ नये. भरपूर पाण्याने धुवावं, आणि तरीही राहिले तर पाण्यात पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर गार पत्र्यावर मिनिटभर ठेवून पुन्हा धुवावं. खाली खड्डा उरला असेल, तरच पॉलिशचा विचार करावा.

नखाला अडकणारा चरा बफिंगने सहसा पूर्ण जात नाही. तो घालवायच्या नादात थरच संपतो. सिरॅमिक कोटिंग केलं की चरे पडतच नाहीत, हेही खरं नाही. कोटिंग दोन-एक मायक्रॉनचंच असतं आणि गारेचा कण त्यालाही ओरखडतो. धूळ मात्र पाण्याने सहज सुटते, हा त्याचा खरा फायदा.

एक लबाडी ओळखून ठेवावी. काही पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरतं आणि गाडी ताब्यात घेताना सगळं गुळगुळीत दिसतं. दोन-तीन धुण्यांत चरे परत येतात. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसल्यावरच काम तपासायचं. गाडी द्यायच्या आधी दोन गोष्टी मागा: मीटरने रंगाची जाडी मोजून दाखवायला, आणि बोनेटच्या कोपऱ्यात एक चौकोन आधी करून दाखवायला. दोन्हीला नकार मिळाला, तर गाडी स्वच्छ धुऊन घरी आणा.